मृगाच्या आधी, शेळ्या सुटायच्या आधी

राज्यातल्या पशुवैद्यकांना, पशुधन पर्यवेक्षकांना आणि लसीकरणाच्या तारखा ठरवणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

बालाघाटाच्या डोंगरात आमची वाडी आहे. तीस-बत्तीस घरं, खाली पाझर तलाव, वर खडकाळ माळ. माझ्याकडं सहा उस्मानाबादी शेळ्या, एक पाट म्हणजे अजून न व्यालेली तरणी शेळी, आणि या घडीला पाच करडं आहेत. बोकड आम्ही ठेवत नाही, शेजारच्या घरचा आहे. दीड एकर कोरडवाहू रान आहे. त्यात तूर नाहीतर सोयाबीन जे येईल ते येतं, पण घरात वर्षभर जो पैसा हलतो तो शेळ्यांचा. मुलीची अकरावीची फी, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन, घरावरचे पत्रे, हे सगळं शेळ्यांनी केलं. सोळा वर्षं झाली, मी शेळ्या सांभाळते.

तुमच्याकडं एकच मागणं आहे. आंत्रविषाराची, म्हणजे पहिल्या पावसाच्या कोवळ्या चाऱ्यानं शेळ्या-करडं काही तासांत मारणाऱ्या रोगाची, लस मृग लागायच्या आत द्या, आणि ती सकाळी, शेळ्या सुटायच्या आधी, वाडीवर येऊन द्या.

मागणं एका ओळीचं आहे, पण तारीख आणि वेळ यांच्यावर एवढं काय अडलंय ते शेळ्यांचा दिवस बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणून आधी तो सांगते.

पहाटे पाचला उठले की मी पहिल्यांदा वाडग्यात जाते, चूल नंतर. रात्रभर शेळ्या जिथं बसल्या तिथली जमीन बघते. लेंड्या सुट्ट्या, कडक, चकचकीत असल्या म्हणजे शेळीचं पोट बरं आहे. लेंड्या एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या की कुणाची ते शोधायचं. मग एकेकीच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्यानं ओढून बघते. आतला रंग गुलाबी पाहिजे. फिका पडत चालला तर पोटात जंत आहेत, रक्त पितायत. हे मला कुठल्या प्रशिक्षणात कळलं नाही, सासूबाईंनी दाखवलं, आणि पुढं एका डॉक्टरांनी तेच सांगितल्यावर सासूबाई दिवसभर खुशीत होत्या. कान हातात धरून बघते, गार लागला तर ताप उतरून अंग गळालेलं असतं, गरम लागला तर ताप चढलेला. सहा शेळ्यांना मिळून दहा मिनिटं लागतात. त्या दहा मिनिटांत जे कळतं ते दिवसभरात पुन्हा कळत नाही, कारण एकदा कळपानं पाय उचलला की आजारी शेळीसुद्धा मागं राहायला नको म्हणून चालत राहते.

मग करडं डालग्याखालून काढायची. डालगं उचललं की ती सुटतात ती थेट आपापल्या आईला. बारा पाय, चोवीस पाय, नुसता गोंधळ, पण चुकून एकही दुसरीच्या कासेला लागत नाही. लागलंच तर ती वास घेऊन ढुशी देते. चहापुरतं दूध काढून बाकीचं करडांना. नंतर झाडलोट. लेंडीखताचा ढीग वेगळा लावते, डाळिंबवाले ट्रॉलीनं नेतात. पावसाळ्यात आणि थंडीत दव सुकल्यावर, दहाच्या सुमाराला शेळ्या सोडतो. ओल्या गवताच्या पात्यावर जंतांची पिल्लं चढून बसलेली असतात, म्हणून ही वाट बघायची. उन्हाळ्यात उलटं. सातलाच सोडायचं, अकराला ऊन तापलं की लिंबाखाली आणायचं, चारला पुन्हा न्यायचं. माळावर बाभूळ, बोर, हिवर. बाभळीच्या शेंगा आकडीनं हलवल्या की शेळ्या खाली तोंड करून धावतात, तो आवाज कुरमुरे खाल्ल्यासारखा येतो. घरी आल्यावर तुरीचं भुसकट, शेवरीचा पाला, गाभणीला आणि दूध देणारीला मूठ-दोन मूठ मक्याचा भरडा. रात्री करडं पुन्हा डालग्याखाली. लांडगा अजून आहे आमच्या डोंगरात, म्हणून वाडग्याला काट्यांची बाहेरून दुसरी कूड.

हा दिवस वर्षभर असाच चालतो. बदलतो तो पहिल्या पावसानंतर.

रोहिण्या आणि मृग चांगले बरसले की आठ-दहा दिवसांत माळ हिरवा होतो. सहा महिने काटक्या, वाळला पाला आणि शेंगा खाल्लेल्या शेळ्यांच्या तोंडी एकदम कोवळं, लुसलुशीत गवत येतं. बघणाऱ्याला वाटतं, आता शेळ्यांचे दिवस आले. मलाही वाटायचं.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडं एक बोकडाचं करडू होतं. मोरी नावाच्या शेळीचं. तिला जुळी झाली होती, दुसरं पाचव्या दिवशी दगावलं, त्यामुळं याला दोन्ही सडांचं दूध एकट्याला मिळालं. चार महिन्यांचं होतं, पण सहा महिन्यांचं वाटायचं. व्यापारी दारात येऊन अंदाजानं पाच हजार म्हणून गेला होता. मी दिलं नाही. बकरी ईदपर्यंत ठेवलं असतं तर पुढच्या वर्षी चांगलं गेलं असतं, आणि तो पैसा मुलीच्या वसतिगृहासाठी धरला होता. पाऊस पडून दहा-बारा दिवस झाले होते. त्या संध्याकाळी ते माळावरून उड्या मारत आलं, भुसकटाला तोंड लावलं नाही, आईला प्यालं. रात्री एकच्या सुमाराला दात खाण्याचा आवाज आला. बॅटरी घेऊन गेले तर ते आडवं पडलेलं, मान मागं पाठीकडं वळलेली, जणू वर आढ्याकडं बघतंय, आणि चारी पाय सायकल चालवल्यासारखे हलवत होतं. तोंडाला फेस. मी मांडीवर घेतलं. पोट फुगलं असेल म्हणून गोडेतेल पाजायला गेले, तर ते गिळतच नव्हतं, बाजूनं ओघळून माझ्या लुगड्यावर आलं. पहाटे चारच्या आत संपलं. त्या दिवशी सकाळी दुसरं गेलं, काळीचं. तेही तिच्या जोडीतलं थोराड होतं ते.

तालुक्याहून एक डॉक्टर आले. तरुण होते, रविवार असूनही आले, हे मी विसरणार नाही. त्यांनी दुसरं करडू उघडून बघितलं आणि मला जवळ बोलावलं. म्हणाले, ताई, हे बघा. मूत्रपिंड त्यांनी बोटात धरलं होतं आणि नुसतं दाबलं तरी ते पिचत होतं, शिजून उतू गेलेल्या डाळीसारखं. निरोगी करडाचं कसं घट्ट असतं ते आम्ही बोकड कापताना बघितलेलं असतं. त्यांनी सांगितलं, हा आंत्रविषार. याचे जंतू बाहेरून येत नाहीत, धडधाकट शेळीच्या आतड्यातही ते थोडे असतातच. पोटात एकदम कोवळा चारा नाहीतर जास्तीचं दूध-धान्य गेलं की ते झपाट्यानं वाढतात आणि विष सोडतात. ते विष रक्तात उतरलं की काही तासांचा खेळ. म्हणून जे करडू सगळ्यात जास्त खातं-पितं, ज्याच्यावर मालकाचा जीव असतो, तेच आधी जातं. किडकं, मागं राहिलेलं वाचतं.

मी विचारलं, औषध? ते म्हणाले, एकदा मान वळली की औषधाला वेळ मिळत नाही, याला लसच. पहिला डोस, पंधरा दिवसांनी दुसरा, आणि दोन्ही पावसाच्या आधी.

आमच्या वाडीला त्या साली लस आली आषाढी एकादशी झाल्यावर. तोपर्यंत माळ महिनाभर हिरवा होता. वाडीतली अकरा करडं आणि दोन मोठ्या शेळ्या गेल्या होत्या.

त्या लसीकरणाची गोष्टही सांगते, कारण त्यात कुणाची नियत वाईट नव्हती आणि तरी काम झालं नाही. कॅम्प ग्रामपंचायतीसमोर, सकाळी अकराला. निरोप आला तो गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, आदल्या रात्री. त्या ग्रुपवर आमच्या वाडीतली एकही बाई नाही. शेळ्या बायका आणि म्हातारी माणसं सांभाळतात, फोन पुरुषांच्या खिशात असतो, आणि पुरुष त्या दिवशी पेरणीवर होते. अकराला शेळ्या तीन किलोमीटरवर माळावर. गाव वाडीपासून दोन किलोमीटर, मधी ओढा. कॅम्पला सतरा शेळ्या आल्या, त्या गावातल्या, दारात बांधलेल्या. वाडीवर त्या वेळी लहानमोठ्या मिळून दीडशेच्या आसपास शेळ्या होत्या. साहेब दुपारी दोनला उरलेली लस घेऊन परत गेले. दुसरा डोस कधी ते कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही.

आमच्यापैकी कुणाला लस नको होती असं नाही. पैशाची अडचण नव्हती. वेळ जुळली नाही एवढंच झालं, आणि त्याची किंमत तेरा जनावरं.

तुमची अडचण मला कळत नाही असं समजू नका. त्या डॉक्टरांनीच सांगितलं होतं, एका माणसाकडं किती गावं असतात ते. गायी-म्हशींची रेतनं, अडलेली जनावरं, वर कागदपत्रं. आणि पीपीआरच्या, म्हणजे शेळ्यांच्या दुसऱ्या एका साथीच्या रोगाच्या, लसीचं त्यांनी समजावलं की कुपी मोठी असते, एकदा पाण्यात मिसळली की दोनेक तासांत संपवावी लागते, उरलेली फेकून द्यायची. सात शेळ्यांच्या मालकिणीसाठी शंभर डोसांची कुपी फोडणार कशी? हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा समजलं की मी एकटीनं दवाखान्यात जाऊन लस मागते तेव्हा समोरचा माणूस का टाळतो. तोवर मी रागानं बोलत होते.

पण याचं उत्तर आमच्याकडं आहे. एका घरी सात शेळ्या, तरी वाडीवर दीडशे. सकाळी साडेसहाला त्या सगळ्या दारात असतात, दाव्याला नाहीतर वाडग्यात. मारुतीच्या पारापासून शेवटच्या घरापर्यंत चालत आठ मिनिटं. कुपी फोडली तर दोन तासांच्या आत ती संपेल, आणि एक थेंब वाया जाणार नाही. दुपारचा कॅम्प उन्हाळ्यात तसाही बरा नाही. शेळ्या सावलीला असतात खऱ्या, पण त्या धापा टाकत असतात आणि तुमच्या थर्मासातला बर्फ तोवर पाणी झालेला असतो. सकाळचं गार असतं, लसीलाही आणि जनावरालाही.

तुम्ही आदल्या दिवशी नुसतं सांगा. त्या दिवशी आम्ही शेळ्या सोडणार नाही, बोरीचे-शेवरीचे फाटे पाडून दारातच घालू. धरायला माणसं लागतात, ती आम्ही देऊ. शेळी धरायला ताकद लागत नाही, सवय लागते. आमच्या पोरी दोन गुडघ्यांत मान धरून उभ्या राहतात, एक शेळी अर्ध्या मिनिटात होते. बर्फ लागला तर खालच्या पानटपरीवर फ्रीज आहे, मी बोलून ठेवलंय. ज्यांना डोस दिला त्यांच्या शिंगाला नाहीतर पाठीवर गुलाल लावू म्हणजे दोनदा टोचलं जाणार नाही.

निरोप मात्र बायकांपर्यंत पोहोचेल असा द्या. आशाताईंना सांगा, अंगणवाडीत सांगा, बचत गटाच्या अध्यक्षाबाईंना एक फोन करा. दवंडी दिलीत तर फारच उत्तम, वाडीवर ती अजून ऐकली जाते. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याची नोंद करताना मालकाचं नाव विचारता, तिथं शेळ्या कोण सांभाळतं तेही विचारा आणि तिचाच नंबर लिहा.

पशुगणनेला माणसं आमच्या दारात आली होती. संध्याकाळी आली, शेळ्या परतल्यावर, कारण त्याशिवाय मोजणी होत नाही हे त्यांना माहीत होतं. 2019 च्या गणनेत महाराष्ट्रात 1 कोटी 6 लाख शेळ्या निघाल्या. म्हणजे आमच्या दारात यायची वाट आणि वेळ सरकारला माहीत आहे. मोजायला आलात तसं टोचायला या, एवढंच माझं म्हणणं.

तारखेचं मी माझ्या हिशोबानं सांगते, तुम्ही तुमच्या शास्त्रानं तपासा. आमच्याकडची बरीच माणसं ऊसतोडीला जातात. कुणी शेळ्या बरोबर नेतात, कुणी म्हाताऱ्यांवर सोडून जातात. कारखाने बंद झाले की पाडव्याच्या मागंपुढं सगळी परततात. त्यामुळं वैशाखात वाडी भरलेली असते, माणसांनीही आणि शेळ्यांनीही. आंत्रविषाराचा पहिला डोस वैशाखाच्या सुरुवातीला, दुसरा पंधरा दिवसांनी, रोहिणी लागायच्या आत. म्हणजे मृगाचं गवत यायच्या वेळी जनावराच्या अंगात ताकद तयार असेल. पुण्यात औंधला सरकारची लस बनवायची संस्था आहे, तिथून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला यायला वेळ लागतो हे मान्य. मग मागणी माघात नोंदवा. मृग कधी लागणार हे कॅलेंडरमध्ये आधीच छापलेलं असतं, 7 किंवा 8 जून, त्यात फरक पडत नाही.

आणि परत आलेल्या शेळ्यांमुळंच पीपीआरची धास्ती. पाच जिल्ह्यांचं पाणी पिऊन आलेला कळप वाडीवर शिरतो आणि आठवड्यात नाकाडोळ्याला घाण, तोंडात फोड, पाण्यासारखी हगवण. ती लस तीन महिन्यांच्या वरच्या करडाला एकदा दिली की तीन वर्षं बघायला नको, असं डॉक्टर सांगतात. त्याच फेरीत तीही होऊ शकेल का, की दोन्हींत अंतर लागतं, हे तुम्ही ठरवा. पण ज्यांना दिली त्यांची यादी आमच्या हातात एक प्रत राहू द्या. माणसं बदलून जातात, वही दवाखान्यात राहते, आणि तीन वर्षांनी कुणालाच आठवत नाही कुठल्या शेळीला काय दिलं.

माझ्या आजेसासूबाई बुळकांडीच्या गोष्टी सांगायच्या. एका हंगामात गावातले सगळे बैल गेले होते, माणसांनी स्वतःच्या खांद्यावर जू घेतलं होतं. तो रोग आता जगात उरला नाही, 2011 साली तसं जाहीर झालं. तो काही आपोआप गेला नाही. तुमच्या आधीची माणसं सायकलवर, बैलगाडीनं, पायी, एकेका वस्तीवर गेली आणि एकेक जनावर धरून टोचलं. पीपीआर हा त्याच घराण्यातला रोग आहे, आणि 2030 पर्यंत तो जगातून घालवायचं ठरलंय असं आकाशवाणीवर ऐकलं. ऐकून बरं वाटलं. आमच्या वाडीची वाट त्या यादीत असू द्या.

आमच्याही चुका आहेत, त्या लपवत नाही. गाभण शेळीला सुई टोचली की गाबडते, अशी भीती अजून बऱ्याच घरांत आहे, आणि डॉक्टर आले की गाभणी लपवतात. हे एका दिवसात जाणार नाही. तुम्ही घाई न करता, पारावर बसून, कुठल्या महिन्याच्या गाभणीला काय द्यायचं आणि काय टाळायचं ते समजावलंत तर जाईल. माझं तुम्ही ऐकता तसं वाडीतल्या बायका माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. आणि लस झाली म्हणून पहिल्या पावसात शेळ्या मोकाट सोडायच्या नाहीत, हेही त्याच वेळी सांगा. मी आता मृगानंतरचे पहिले पंधरा दिवस सकाळी पोटभर भुसकट आणि कडबा खाऊ घालूनच सोडते, पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, असं वाढवत. करडांना त्या दिवसांत घरीच ठेवते. एवढ्यानं फरक पडला. गेल्या साली माझ्याकडं एकही गेलं नाही, पण त्यात लसीचं किती आणि माझ्या राखणीचं किती हे मला सांगता येणार नाही, कारण गेल्या साली लस मी स्वतः तालुक्याला जाऊन, चार घरच्या शेळ्या टेम्पोत घालून टोचून आणली. टेम्पोचे नऊशे रुपये झाले. आम्ही चौघींनी ते वाटून घेतले. बाकीच्या सत्तावीस घरांना ते जमलं नाही, आणि त्यांची करडं गेली.

1962 ला फोन लावला की गाडी येते, तो नंबर आमच्या दारामागं खडूनं लिहिलेला आहे. अडलेल्या शेळीला, मोडलेल्या पायाला त्याचा मोठा आधार आहे. पण रात्री एकला दात खाण्याचा आवाज येतो तेव्हा पहाटे चारपर्यंतच वेळ असतो. त्या तीन तासांत काही करता येत नाही. जे करायचं ते वैशाखातच.

मोरी यंदा महाशिवरात्रीला व्याली. जुळी आहेत, एक पाट, एक बोकड. बोकडाच्या दोन्ही कानांवर पांढरे ठिपके आहेत. वैशाख संपता संपता त्यांना तीन महिने पूर्ण होतील. आमच्या वाडीची वाट तुमच्यापैकी ज्यांना माहीत नाही त्यांना मी फाट्यावर घ्यायला येईन, सकाळी सहाला उभी असेन. ओढ्याला तेव्हा पाणी नसतं, मोटारसायकल थेट पारापर्यंत येते.

आपली,
बालाघाटातल्या एका वाडीवरची शेळ्या सांभाळणारी बाई